धाकटे वडील

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक सहसा दोनच कामांसाठी येतात: लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला आणि बारशाचे नाव विचारायला. बदली, बढती, मुलाचा प्रवेश असल्या वजनदार कामांसाठी त्यांना दुसऱ्या विषयांचे प्राध्यापक लागतात. मला याचे वाईट वाटत नाही. नावांची एक वहीच मी करून ठेवली आहे. या सदराच्या जुन्या वाचकांना ती वही ठाऊक आहे, कारण तिच्यावर मी एकदा लिहून बसलो आहे आणि त्यानंतर दोन महिने नावे मागणारी पत्रे येत होती.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षेच्या कामासाठी आलेला एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत उभा राहिला. मी आत बोलावले.

"सर, एक नाव पाहिजे होतं. मुलीचं."

"कुणाची मुलगी? बहिणीची?"

"नाही सर."

"भावाची?"

त्याने चपलेकडे पाहिले. "आमचीच, सर."

मराठवाड्याकडची मुले 'माझा' म्हणायच्या ठिकाणी 'आमचा' म्हणतात हे मला माहीत आहे. तरी मी विचारले, "घरातली, हे कळलं रे. पण कुणाची?"

"माझी."

हजेरीपत्रकाप्रमाणे त्याला एकोणीस वर्षे पुरी होऊन चार महिने झाले होते. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मी वही शोधण्याचे निमित्त करून खण उघडला आणि बराच वेळ तो उघडाच ठेवला.

खरे म्हणजे मला एवढे चमकायला नको होते. आमच्याच घरात याहून लहान बाप होऊन गेला आहे. माझे आजोबा १९४४ साली बाप झाले तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि कोल्हापुरात मॅट्रिकच्या वर्गात बसत होते. शारदा कायदा १९२९ सालीच झाला होता आणि त्याने मुलाला अठरा व मुलीला चौदा ही वये घालून दिली होती. पण तो होता ब्रिटिश हद्दीपुरता. आमचे होते संस्थान. शिवाय कायद्यापेक्षा पणजोबांचा शब्द आमच्या घरात अधिक चाले.

आजी बाळंतपणासाठी गडहिंग्लजला माहेरी गेलेली. तिकडून कार्ड आले ते अर्थात पणजोबांच्या नावे. त्यांनी ते ओसरीवर मोठ्याने वाचले. आजोबा चार हातांवर भूमिती करीत बसले होते. पणजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई सुखरूप आहे. मुलगा झाला." भिंत काही बोलली नाही. आजोबाही बोलले नाहीत. पेढे पणजोबांनी वाटले, अभिनंदन पणजोबांचे झाले, आणि ज्याला मुलगा झाला होता तो रंकाळ्याच्या काठावर अंधार पडेपर्यंत एकटा बसून आला. दुसऱ्या दिवशी वर्गात ही बातमी फुटली तेव्हा मास्तरांनी त्याला उभे करून विचारले, "काय रे, आता गृहपाठ तुझा तपासायचा की तुझ्या मुलाचा?" हा विनोद आजोबांनी मला साठ वर्षांनंतर सांगितला. तेव्हाही ते हसले नाहीत.

वडिलधाऱ्यांसमोर आपले मूल उचलून घ्यायचे नाही, हा त्या काळच्या घराघरांतला दंडक. बायकोशी चारचौघांत बोलायचे नाही, तसेच मुलाला घ्यायचेही नाही; दोन्हींत सारखाच निर्लज्जपणा. आजोबा रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने उठत आणि पाळण्यातल्या मुलाच्या मुठीत आपले एक बोट देऊन दोन मिनिटे उभे राहत. "कोण आहे?" अशी हाक आली की बोट काढून घ्यायचे. मुलगा मोठा झाला तो आजोबांच्या मांडीवर, म्हणजे आपल्या आजोबांच्या. आणि आपल्या बापाला तो 'दादा' म्हणू लागला, कारण घरातली सारी धाकटी भावंडे त्याला 'दादा'च म्हणत.

आपल्या जुन्या घरांत वडिलांना दादा, भाऊ, अण्णा, तात्या, बापू म्हणण्याची जी चाल होती तिचे आपण कौतुक करतो. त्या चालीच्या मुळाशी पुष्कळदा हे असे. बाप बाप म्हणून दिसतच नसे. दिसे तो घरातला थोरला मुलगा. मूल त्याला ज्या नात्याने पाहत असे त्याच नात्याने हाक मारी. पोर चुकत नव्हते. गंमत अशी की आपल्या भाषेने बापाला जो आदराचा शब्द दिला आहे तो वयाचा आहे. 'वडील' म्हणजे मोठा. वडील बंधू, वडील मुलगा, वाडवडील. वयाने मोठा असणे ही या पदाची पहिली अट. ज्याला अजून मिसरूड फुटते आहे त्याला वडील कसे म्हणावे? भाषा अडते, आणि 'दादा' म्हणून सुटका करून घेते.

आजोबा मला म्हणाले होते, "मी बाप झालो तो तुझा बाप शाळेत गेला त्या दिवशी." त्या वर्षी पणजोबा वारले होते. शाळेच्या अर्जावर पालकाची सही हवी होती, आणि घरात सही करायला दुसरे कुणी उरले नव्हते. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मधली सहा वर्षे? "मधली सहा वर्षे मी त्याचा भाऊ होतो," असे ते म्हणाले. आणि मग थोड्या वेळाने, "बराही नव्हतो. चिडत असे त्याच्यावर. तो आला आणि माझे क्रिकेट बंद झाले."

हे केवळ आमच्यासारख्यांच्याच घरांत घडत होते असे नाही. ज्यांचे नाव घेतल्याशिवाय कोल्हापुरात पान हलत नाही ते शाहू महाराज १८७४ सालचे. त्यांचे लग्न १ एप्रिल १८९१ रोजी झाले. त्या वेळी ते सोळा वर्षांचे होते आणि धारवाडला फ्रेजरसाहेबांच्या हाताखाली शिकत होते. बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाई तर त्यांच्याहून किती तरी लहान. संमतिवयाचा कायदा त्याच मार्चमध्ये पास झाला होता आणि त्याने मुलीचे वय दहावरून बारावर नेले होते, एवढ्यावर पुण्यात केवढे रण माजले ते आपण इतिहासात वाचतो. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांना राज्याधिकार मिळाले आणि त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी झाली. विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाच्या ओटीत एका वर्षात एक राज्य आणि एक लेक! मुलीचे नाव राधाबाई. महाराजांच्या आईचे नावही राधाबाईच होते, आणि ती त्यांच्या तिसऱ्या वर्षीच गेली होती. वडील आबासाहेब घाटगे १८८६ साली गेले, तेव्हा महाराजांना बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. बाप कसा असतो हे घरात पाहायला मिळावे तेवढे दिवस त्यांना मिळालेच नाहीत. पुढे १९१८ साली धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत अपघाताने गेले, तेव्हा महाराजांनी आपल्या कोवळ्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, सोनतळीला ठेवून शिकविले. तो बाप कुठे आणि कसा घडला असेल, असे मला पुष्कळदा वाटते. एकोणिसाव्या वर्षी तर खासच नव्हे.

आबासाहेब वारले त्या सुमारास महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात होते. त्याच राजकोटात, त्याच दिवसांत, दुसऱ्या एका शाळेत मोहनदास गांधी नावाचा मुलगा शिकत होता. तो सोळा वर्षांचा असताना, १८८५ साली, त्याचे वडील वारले आणि पाठोपाठ त्याचे पहिले मूल तीन-चार दिवसांचे होऊन गेले. आत्मकथेत त्यांनी ही दोन्ही मरणे एकाच शरमेच्या धाग्यात ओवून सांगितली आहेत. एवढे धीट पुस्तक. पण त्या मुलाविषयी त्यात एक-दोन वाक्यांपेक्षा अधिक नाही. सोळा वर्षांच्या बापाला आपल्या मुलाविषयी बोलायला जे शब्द लागतात ते त्याच्याजवळ नसतात. पुढे साऱ्या जगाला शब्द देणाऱ्याजवळही ते नव्हते.

असो. खण बंद करून मी त्या मुलाला बसविले.

त्याची हकीकत सांगताना काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. आईबाप बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीचे. दरवर्षी दिवाळी झाली की ट्रकमध्ये भांडी, शेळी आणि पोरे घालून आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या फडावर येणारे. आपण साखर खाणारी माणसे. तेव्हा या धंद्यातला एक शब्द आपल्याला माहीत असावा. फडावर माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि वाहते. दोघांच्या नावावर मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. एकट्या माणसाला म्हणतात 'अर्धा कोयता'. अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा राजी नसतो. ज्या हंगामात याच्या बापाची कंबर धरली, त्या हंगामात घरात आई हा अर्धा कोयता तेवढा उरला. हा तोवर एका शिक्षकाच्या खटपटीने कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकत होता आणि आमच्याकडे पहिल्या वर्षाला होता. मे महिन्यात त्याचे लग्न झाले. तो अठराचा, मुलगी सतरा पुरी होऊन चार महिन्यांची. घराला एक सबंध कोयता मिळाला. मुलीच्या घरचेही पाच-सहा महिने फडावर असतात. तरुण मुलीला कुणाच्या भरवशावर मागे ठेवायचे, हा प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला.

१९७८ सालापासून मुलाला एकवीस आणि मुलीला अठरा हा कायदा आहे. २००६ साली तो अधिक कडक झाला. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी शेकडा २१.९ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, आणि देशभरातल्या पंचविशी ते एकोणतिशीतल्या पुरुषांपैकी शेकडा १७.७ जणांची एकवीसच्या आत. त्या सर्वेक्षणाच्या मुख्य तक्त्यात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या किती मुली आई झाल्या याचा रकाना आहे. त्या वयाचे किती मुलगे बाप झाले, असा रकाना नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. जीव जातो तो मुलीचा, शिक्षण तुटते ते आधी मुलीचे. मोजायचे तर आधी तिलाच मोजले पाहिजे. पण रकाना नाही एवढे खरे.

हंगाम संपत आला तसे मुलीचे दिवस भरत आले. खरे म्हणजे भरलेच नव्हते. मार्चमध्ये एका रात्री तिला कोपीतून रुग्णालयात न्यावे लागले. खिडकीवर कारकुनाने वय विचारले. कागदावर अठरा पुरी होऊन दोन महिने झाले होते. "मी अठरा सांगितलं, सर. खोटं नव्हतं. पण त्यांनी बोटांवर मागं महिने मोजले." मूल काही दोन महिन्यांत होत नाही. अठराच्या आतल्या मुलीचा संबंध असेल तर पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि नवरा असणे ही त्यातून सुटका नाही, हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले. जबाब झाला. त्या प्रकरणाविषयी याहून अधिक लिहिणे योग्य नव्हे. तो कायदा मुलींच्या बाजूचा आहे आणि तसाच असायला हवा, असे माझे मत आहे. त्या मुलापुढे बसूनही ते बदलले नाही. फक्त त्या रात्री खिडकीसमोर तो एकटा होता. ज्यांनी अक्षता टाकल्या ते दोन्ही बाप आणि ज्याच्या हिशेबात एक कोयता वाढला तो मुकादम, यांपैकी तिथे कुणीही नव्हते, हे मला विसरता येत नाही.

"पळून जावंसं वाटलं का रे?" मी विचारले. प्राध्यापकाने असा प्रश्न विचारू नये, पण विचारला.

"वाटलं. स्टँडपर्यंत गेलो होतो."

"मग?"

"परत आलो. तिला डबा कोण नेणार होतं?"

मूल दोन किलोच्याही आत होते. मुलगी तापाने पडलेली. दुसऱ्या दिवशी एका परिचारिकेने याला आत बोलावले आणि शर्ट काढायला सांगितले. याला वाटले, आता काही तपासणी असेल, नाहीतर शिक्षा. तिने त्याला कलत्या खुर्चीत बसविले, उघड्या छातीवर ते पोर उभे निजविले, वरून चादर गुंडाळली आणि म्हणाली, "हलायचं नाही. दोन तास."

अपुऱ्या दिवसांच्या मुलाला कातडीशी कातडी लावून ऊब देण्याची ही रीत १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. कांगारूवरून तिचे नाव पडले. आता ती आपल्याकडेही अनेक ठिकाणी आहे, आणि आईला जमत नसेल तेव्हा बापाची छातीही चालते. बापाच्या अंगात त्याने काय घडत असेल, याचाही शोध लोकांनी घेतला आहे. फिलिपाइन्समधल्या सेबू येथे सहाशेहून अधिक तरुणांच्या लाळेचे नमुने काही वर्षांच्या अंतराने दोनदा तपासून २०११ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जे तरुण मधल्या काळात बाप झाले त्यांच्यातले टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा अधिक उतरले होते. आणि जे बाप दिवसातून तीन तास किंवा त्याहून जास्त मुलाचे करीत त्यांचे सर्वांत कमी होते. ते तरुण विशीतले होते, आमच्या विद्यार्थ्याहून थोडे मोठे; आणि लाळेवरून सारा बाप मोजता येत नाही, हेही खरे. पण वाचताना मला आजोबांचे ते पाळण्यातले एक बोट आठवले. ज्या वाटेने बापपण अंगात उतरते नेमकी तीच वाट आमच्या वडिलधाऱ्यांनी लाजेचा अडसर घालून बंद केली होती, आणि तिच्या जागी पेढे वाटले होते. त्या अडसरामुळेच ते घर आजोबांच्या वाट्याचा भारही उचलत होते, हे मात्र मी कबूल करतो. सतराव्या वर्षी बाप झालेले आमचे आजोबा पुढे मॅट्रिक झाले. दूध, औषध, भाडे यांची चिंता त्यांच्यापर्यंत येऊ दिली गेली नाही. या मुलाजवळ असे घर नव्हते. होती ती एक परिचारिका आणि दोन तास.

"घाबरला होतास?"

"पहिला अर्धा तास. मग तिला उचकी लागली. माझ्या छातीवर उचकी लागल्यासारखं वाटलं, सर. मला हसू आलं." तो पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून बोलला. "मग मी रोज गेलो. अकरा दिवस."

मी त्याला वहीतून सात नावे काढून दिली. संस्कृत, देखणी, अर्थपूर्ण. त्याने ती कागदावर नीट लिहून घेतली आणि त्यांतले एकही ठेवले नाही. मुलीचे नाव त्या परिचारिकेचे ठेवले. वहीचा एवढा अपमान आजवर झाला नव्हता. मला त्याचे मुळीच दुःख नाही.

गेल्या कार्तिकात तो पुन्हा भेटायला आला. उन्हाने रापलेला, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, बगलेत दुसऱ्या वर्षाची पुस्तके. बहिःस्थ म्हणून परीक्षा देणार होता. पावसाळ्यात मुकादम जोडीची उचल घेऊन दारात आला, तेव्हा याने अर्धीच घेतली. मुलगी आठ महिन्यांची. तिला आणि तिच्या आईला तो फडावर आणणार नव्हता. मुकादमाने शिव्या दिल्या, बापाने अबोला धरला. बायकोचा बारावीचा अर्ज भरला आहे, असेही त्याने सांगितले. ते सांगताना मात्र आवाज जरा उंच झाला. हा हंगाम तो अर्धा कोयता म्हणून आला होता. जुन्या देण्याचे काय, ते मी विचारले नाही. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

जाताना मी सहज विचारले, "लेक तुला काय म्हणते? दादा?"

त्याला धाकटी भावंडे तीन. ती त्याला 'दादा' म्हणतात हे मला ठाऊक होते.

"घरात सगळे तेच म्हणतात ना, म्हणून तीही तेच धरील," तो म्हणाला. "मी रोज रात्री कोपीतनं फोन लावतो, सर. बायको तिच्या कानाला धरते. मी 'पप्पा म्हण, पप्पा म्हण' असं पाच-सहा वेळा सांगतो."

"मग म्हणते का?"

"अजून नाही. नुसता श्वास ऐकू येतो."